घरघर चाकाची की प्रोपेलरची?

प्रश्न: नमस्कार काका. माझी २००९ ची डिझेल जीप आहे, मागच्या चाकांवर चालणारी, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. ताशी ५५ च्या पुढे गेली की सीटखालून घरघर सुरू होते, गियरचा दांडा पण थरथरतो, ७५ नंतर जरा कमी वाटतं. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खाली टक् आवाज येतो. बॅलन्सिंग दोनदा केलं, मागचे टायर नवे टाकले, फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्स उतरवून बघू. बाकी गाडी ठणठणीत, दिवाळीच्या आधी माल न्यायचा म्हणून मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवून घेतला तेवढंच काम केलंय. काय करू?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: भाऊ, आधी एक करा, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. आणि तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना पाटा वाढवला म्हणून, माझं डोकं तिथेच अडकलंय, पण त्यावर नंतर येतो.

टायरवरचे पैसे का वाया गेले ते बघा. तुमच्या चाकाचा घेर अंदाजे सव्वादोन मीटर धरा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पळते, म्हणजे चाक सेकंदाला सात-साडेसात वेळा फिरतं. हाउसिंगमधलं (मागच्या एक्सलच्या मधल्या गोल पेटीतलं) क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी जोडी, ४ ला १ च्या आसपास धरलं तर तेवढ्यातच प्रोपेलर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब शाफ्ट, ३० फेरे मारतो, आणि त्याच्या टोकाच्या सांध्यातला खराब क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो. म्हणून चाकाचा दोष असला की गाडी डुगडुगते, ते हेलकावे जवळजवळ मोजता येतात, स्टिअरिंगला नाहीतर बुडाला लागतात. प्रोपेलरचा असला की मोजायचा प्रश्नच नाही, पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागतो. तुम्ही घरघर म्हणताय, हेलकावा म्हणत नाही, तिथेच चाकावरचा निम्मा संशय गेला.

आता खात्री करा. सपाट मोकळा रस्ता बघा, टॉप गियरमध्ये ६० वर आणा, मग त्याच स्पीडला एक गियर खाली घ्या. इंजिनचे फेरे वाढले पण घरघर आहे तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष. मग ६० लाच न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू द्या (घाटात किंवा उतारावर हा शहाणपणा अजिबात नको, आणि चावी बंद करायची नाही, ब्रेकचा बूस्टर जातो). तरीही घरघर आली तर दोष फिरणाऱ्या शाफ्टपासून मागे. याउलट ॲक्सिलरेटर दाबला की हुंकार आणि पाय काढला की लगेच गप्प, असं असेल तर पिनियनकडे बघायचं, त्याआधी हाउसिंगच्या बाजूचा बोल्ट खोलून ९० नंबरचं गियर ऑइल भोकाच्या काठापर्यंत आहे का ते बोट घालून तपासा, कितीतरी जण हे वर्षानुवर्षं बघतच नाहीत. डावी-उजवीकडे हलकं वळवल्यावर आवाज कमीजास्त झाला तर मात्र चाकाचं हब बेअरिंग.

हे झालं की गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढूनमागून दगड लावून, न्यूट्रल करून खाली शिरा. क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरायच्या आणि उलटसुलट पिळायच्या. चांगल्या क्रॉसमध्ये काहीच हलत नाही. जरासा जरी ढिलेपणा हाताला लागला तर क्रॉस संपला समजा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेला तांबडी भुकटी दिसते का बघा, विटकरीच्या चुऱ्यासारखी. आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या की ती बाहेर येते, ती दिसली की बाकी काही शोधत बसायची गरज नाही. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर त्याला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही चाचपा. तुमचा टक् आवाज म्हणजे क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी, सरकता सांधा) आणि पिनियन या सगळ्यांचा थोडाथोडा ढिलेपणा एकदम भरून निघतो त्याचा.

आता पाटा. पाटा वाढवला की मागची बाजू उचलली जाते आणि रिकाम्या गाडीत प्रोपेलरचा तिरकसपणा वाढतो. धडधाकट क्रॉस ते खपवून घेतो, अर्धा गेलेला लगेच बोंबलतो. माझा अंदाज असा की क्रॉस आधीच झिजलेला होता, पाट्याने फक्त चहाडी केली. पडताळून बघायचं तर मागे माल भरून, गाडी बसवून त्याच रस्त्याने न्या, घरघर उतरली तर हेच.

काम करताना एक गोष्ट मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. शाफ्ट उतरवायच्या आधी फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) आणि स्प्लाइनवर रंगाची खूण मारायची आणि तश्शीच परत जोडायची. माझ्याच गाडीत एकदा नवीन क्रॉस टाकला आणि थरथर आधीपेक्षा दुप्पट, आठवडाभर मी नव्या क्रॉसला शिव्या देत होतो, शेवटी खाली जाऊन बघतो तर स्प्लाइन दोन दाते सरकवून बसवलेली, एकाच तुकड्याच्या दोन टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत नव्हते. परत खोललं, रेषेत लावलं, गाडी शांत. आणि हो, पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला तर प्रोपेलरचं टोक रस्त्यावर आपटतं, तेव्हा सुगी झाल्यावर बघू असं करू नका.

प्रश्न: माझी २०११ ची छोटी गाडी आहे, पुढच्या चाकांवर चालते. सोसायटीच्या पार्किंगमधून पूर्ण वळवून निघताना कटकटकट आवाज येतो, सरळ चालताना काही नाही. मेकॅनिक दोन्ही एक्सल बदला म्हणतोय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, दोन्ही कशाला? मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळू गोल फिरवा, मग उजवीकडे. डाव्या वळणावर वाजलं तर बहुतेक उजव्या एक्सलचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट, उजव्या वळणावर वाजलं तर डावा. त्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं असेल तर जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाय. नुसता बूट फाटून कटकट सुरू झाली नसती तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं, आता आत धूळ जाऊन जॉइंटमधल्या गोळ्यांनी खड्डे पाडलेत, नवं ग्रीस भरून आवाज चार दिवस दबेल फक्त. ज्या बाजूला वाजतंय तेवढाच जॉइंट बदला, दुसऱ्या बाजूचा बूट मात्र हात फिरवून बघून घ्या, चीर गेली असेल तर तो आत्ताच बदला.