मिस कॉल कुठे गेला?

प्रश्न : पूर्वी रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर रांग लागायची. पुढे जो तो 'मिस कॉल दे' म्हणू लागला. आता दोन्ही दिसत नाही, असे का?

उत्तर : दोन्ही सवयी दरामुळे लागल्या होत्या. रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात मिळे, म्हणून रांग. १९९५मध्ये मोबाइल आला तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. १ मे २००३पासून इनकमिंग फुकट झाले आणि मिस कॉलची चलती सुरू झाली. आकारणी सुरू होते ती पलीकडच्याने उचलल्यावर. नुसती रिंग फुकट. 'पोचलो', 'खाली ये' एवढे तिच्यावर भागे. शिवाय पल्स, म्हणजे आकारणीचा टप्पा, ६० सेकंदांचा, म्हणजे ६१व्या सेकंदाला दुसऱ्या मिनिटाचे पैसे. २००९मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आला, २०१६पासून पॅकमध्ये कितीही बोला. वाचवण्यासारखे काही उरले नाही.

गंमत म्हणजे नंतर हाच खेळ कंपन्या खेळल्या. तुम्ही लावलेल्या फोनसाठी तुमच्या कंपनीने पलीकडच्या कंपनीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे, असा तेव्हा नियम होता. रिंग लवकर तोडली की पलीकडचा उलट फोन करतो आणि पैसे आपल्याकडे येतात! म्हणून रिंगची मुदत घटू लागली. अखेर नोव्हेंबर २०१९मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ती ठरवून दिली: मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०. ते ६ पैसेही १ जानेवारी २०२१पासून गेले.

प्रश्न : आई ऐंशीची आहे. ती मोबाइलपर्यंत पोचेतो रिंग थांबते. काय करावे?

उत्तर : लँडलाइन असेल तर काढू नका, तिथे दुप्पट वेळ मिळतो. कॉर्डलेस घेतला तर उठायलाही नको. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबायचे, हे आईंना सांगून ठेवा. १५ जानेवारी २०२१पासून त्याशिवाय फोन लागत नाही. एक मात्र पाहा : जुन्या तांब्याच्या तारेवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या विजेवर चाले, फायबरवरचा घरातली वीज गेली की बंद पडतो. फायबर असेल तर त्याच्या डब्याला छोटा यूपीएस लावा. कॉर्डलेसचा तळही त्यालाच जोडा, नाहीतर डबा चालू राहील आणि फोन मुका.