रात्रीची कॅज्युअल्टी बंद होतेय? आधी परत पाठवलेल्या पेशंटची वही सुरू करा

ताई, तुमच्या भागातल्या महापालिकेच्या हॉस्पिटलच्या दारावर 'एक तारखेपासून रात्री आठनंतर आपत्कालीन विभाग बंद, रुग्णांनी ससूनला जावे' असा कागद लागलाय (ससून म्हणजे पुण्यातलं मोठं सरकारी हॉस्पिटल). दीड हजार सह्या जमल्यात, आता मोर्चा काढायचा की कोर्टात जायचं, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीच्या आधी त्या कागदावर जावक क्रमांक आणि सही आहे का ते बघा. फोटो काढून ठेवा. दोन्ही नसेल, तर आदेश कुणी काढला हे लेखी विचारा.

आम्ही यात एकदा हरलोय, म्हणून सांगतो. आमच्या इथल्या हॉस्पिटलमध्ये 'बंद' असा आदेश कधी निघालाच नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांची बदली झाली, जागा भरली नाही. मग ईसीजीचं मशीन दुरुस्तीला गेलं ते गेलंच. पुढे गेटवरचा वॉचमनच सांगायला लागला, "डॉक्टर नाहीत, ससूनला न्या." गेटवरून परत गेलेल्याचा केसपेपर निघत नाही, त्यामुळे रजिस्टरमध्ये त्याची नोंदही नसते. वर्षभराने बैठकीत साहेबांनी तेच रजिस्टर आमच्यापुढे उघडलं. एका रात्री दोन पेशंट, एका रात्री एकही नाही. "येतंय कोण?" म्हणाले. ज्या पानावर एकही नाव नव्हतं, त्याच रात्री आमच्या शेजारच्या काकूंना मी रिक्षातून तिथे नेलं होतं. शुगर उतरलेली, थंड घामाने चिंब, मला ओळखतही नव्हत्या. एक सुई आणि ग्लुकोज, एवढंच लागणार होतं. मी तारखेवर बोट ठेवलं, पण माझ्याकडे कागद कुठे होता?

तेव्हा आजपासून वही घाला. रात्री आठ ते बारा दोन-दोन जण गेटजवळ थांबा. वेळ, त्रास काय, कुठे पाठवलं, कशातून गेले, एवढंच लिहा. पेशंटचं नाव नको. समोरच्या मेडिकलवाल्यालाही विचारा, त्याला सगळं दिसत असतं. पंधरा दिवसांची अशी वही तुमच्या दीड हजार सह्यांच्या वर ठेवा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा. मंजूर पदं किती, भरलेली किती, तीन वर्षांची पाळीनिहाय रुग्णसंख्या, किती जणांना रेफर केलं आणि या निर्णयाची मूळ टिपणी. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून उद्याच टाका. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार निर्णयाची कारणं बाधित लोकांना सांगणं हे प्रशासनाचंच काम आहे, तेही अर्जात लिहा.

पदांचा हिशोब मात्र स्वतः करा. दिवसाला तीन पाळ्या म्हणजे आठवड्याला २१. एक डॉक्टर सहा पाळ्या करणार. रजा-आजारपण धरलं तर एका खुर्चीसाठी चार-पाच डॉक्टर लागतात. तिथे दोनच असतील, तर खरं कारण 'पेशंट कमी' हे नाहीच. तुमची मागणीही 'बंद करू नका' एवढीच ठेवू नका. आत डॉक्टर नसताना बाहेर नुसता बोर्ड ठेवला, तर माणूस तिथे येऊन मोलाची वीस मिनिटं घालवतो. ते बंद असण्यापेक्षा वाईट. रात्रपाळीचे डॉक्टर, सिस्टर, चालू ईसीजी आणि ऑक्सिजन मागा, भरतीच्या तारखेसकट.

"१०८ आहे की," असं उत्तर येईल. १०८ चांगली सेवा आहे, मी स्वतः वापरलीय. पण प्रत्येक पेशंट ससूनपर्यंत न्यायचा, तर तीच गाडी तेवढा जास्त वेळ अडकणार आणि पुढच्याला उशिरा मिळणार. तुमच्या इथून ससूनच्या कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत रात्री साडेआठला, बाराला आणि पहाटे पाचला घड्याळ लावून जाऊन बघा. गणपतीत मधले रस्ते बंद असतात तेव्हाचा मार्गही काढा. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन होतो. घरच्यांच्या लक्षात यायलाच त्यातला बराच वेळ गेलेला असतो.

कोर्टाबद्दल. १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालमध्ये एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी परत पाठवलं होतं. तातडीचे उपचार देणं सरकारचं कर्तव्य आहे, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं कोर्टाने सांगितलं आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. सार्वजनिक रुग्णालयं चालवणं हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कामांत येतं. दोन्ही निवेदनात घाला. पण अमुक हॉस्पिटलची कॅज्युअल्टी चालूच ठेवा, असं तो निकाल म्हणत नाही. त्यामुळे हातात वही नसताना याचिका नको.

मोर्चा काढाच, पण हॉस्पिटलवर नको, पालिकेवर न्या. आतल्या सिस्टर आणि मावशी दोघांचं काम एकट्या ओढतायत. त्यांच्यावर ओरडलात तर उद्या तुम्हाला खरी गोष्ट सांगायला कुणी पुढे येणार नाही. आम्हाला मशीनचं कळलं ते एका ब्रदरमुळेच.

अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, पाठवतो. तुम्ही मात्र आज रात्रीच गेटवर कोण थांबणार ते ठरवा.