गोटी सोडा, मृदुपेय आणि पन्ह्यातला ‘ह’

प्रश्न : ‘सॉफ्ट ड्रिंक’ला मराठीत मृदुपेय म्हणावे की शीतपेय? आणि पुण्यात ‘गोटी सोडा’ व ‘गोळी सोडा’ दोन्ही ऐकू येतात, त्यातले बरोबर कोणते?

मृदुपेय अजिबात नको. इथला ‘सॉफ्ट’ मऊपणा सांगतच नाही. दारू असलेले पेय ‘हार्ड’, नसलेले ‘सॉफ्ट’, एवढाच तो भेद. अर्थ न बघता शब्दाजागी शब्द बसवला की असली नावे जन्माला येतात, आणि मग ती पाठ्यपुस्तकात शिरली की निघता निघत नाहीत. शीतपेय चालेल, लिहिताना तेच वापरा. बोलताना ‘कोल्ड्रिंक’ म्हणा आणि त्याबद्दल कानकोंडे होऊ नका. ‘कोल्ड’च्या शेवटचा आणि ‘ड्रिंक’च्या सुरुवातीचा असे दोन ‘ड’ मराठी जिभेने एकात मिळवले. ‘थम्स अप’चे ‘थम्सप’ झाले तसे. शब्द आपला झाल्याची ही खूण आहे.

मात्र ‘एक कोल्ड्रिंक्स द्या’ हे बंद झाले पाहिजे. ‘स’ अनेकवचनाचा आहे. मराठीत एक कोल्ड्रिंक, दोन कोल्ड्रिंकं, जसे एक घर, दोन घरं. ‘थंडा’ही तसाच. मराठी विशेषण ‘थंड’ आहे आणि ते लिंगाप्रमाणे बदलत नाही : थंड चहा, थंड भाकरी, थंड दूध. ‘थंडा’ हे रूप हिंदीच्या वळणाचे. आपल्याकडे ते एका जुन्या वाक्प्रचारात टिकून आहे, ‘थंडा फराळ’. त्याचा अर्थ उपाशी राहणे. पाहुण्याला ‘थंडा घेणार का’ विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘काही थंड घेणार?’ हे सरळ मराठी वाक्य हाताशी आहे.

पुण्यापुरती एक गोष्ट. इथे ‘कोल्ड्रिंक हाऊस’ असा फलक दिसला म्हणजे आत बुचाच्या बाटल्याच मिळतील असे नाही. तिथे मस्तानी मिळते : आटवलेले घट्ट दूध, त्यात आंब्याचा रस, वर आइस्क्रीमचा गोळा, आणि खायला चमचा. पियुष मिळते, लस्सी मिळते. म्हणजे पुणेरी वापरात कोल्ड्रिंक ही फसफसत्या पाण्यापेक्षा मोठी जात आहे, आणि बाहेरून आलेल्याचा घोळ होतो तो इथेच. शाळेबाहेर मिळणारी ‘पेप्सी’ तर पेयही नाही. प्लॅस्टिकच्या लांब नळीत गोठवलेले रंगीत गोड पाणी ते. कंपनीचे नाव सामान्यनाम झाल्याचे इतके चांगले उदाहरण दुसरे क्वचित सापडेल.

आता गोटी. ‘गोटी सोडा’ बरोबर. ‘गोळी सोडा’ दक्षिणेकडच्या ‘गोली सोडा’च्या वळणाने बोलले जाते. ते चूक म्हणता येणार नाही, पण मराठी मुलाच्या खिशात जी असते ती गोटी; गोळी बंदुकीची किंवा औषधाची. दिल्लीकडे हाच ‘बंटा’. काही जाणकार ‘गोटी’ संस्कृत ‘गुटिका’पासून काढतात. ते मला साफ अमान्य आहे. दोन स्वरांमधला एकेरी ‘ट’ प्राकृतात ‘ड’ होतो : घोटकाचा घोडा, कटकाचे कडे, कीटकाचा किडा, वटाचा वड. ‘गुटिका’ला एकटीलाच सूट का? मराठीत ‘ट’ टिकतो तो मुळात जोड ‘ट्ट’ असला तर : पट्टिकेची पाटी, घट्टाचा घाट. तेव्हा गोटी आणि गोटा यांच्या मागे ‘गोट्ट’ असे, गोल वस्तू या अर्थाचे जुने रूप धरावे लागते. दगडगोट्यातला गोटा तोच.

बाटलीची रचना कळली की हे नाव किती नेमके आहे ते पटते. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1872 साली हिचे पेटंट घेतले. तोंडाच्या आत एक खाच, तिच्यात रबरी वायसर. त्याखाली गळा चिमटलेला, म्हणजे गोटी तळाला जाऊ शकत नाही. भरताना बाटली यंत्रात उलटी करतात. गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतला वायू तिला वायसरवर दाबून धरतो. झाकण वेगळे लागतच नाही. उघडायला लाकडी दट्ट्याने गोटी खाली ढकलायची. ओतताना गळ्यातले दोन खळगे खालच्या बाजूला ठेवायचे, गोटी त्यांत अडकून राहते. उलट धरली तर ती तोंडाशी येऊन धार अडवते. वायसर कडक झाला किंवा चिरला तर वायू हळूहळू निसटतो, दाब सरला की गोटी आपोआप खाली पडते, आणि असा सोडा साध्या पाण्यासारखा लागतो. लिंबूसोडा करतानाही एक चूक सर्रास होते. भरलेल्या ग्लासात वरून मीठ टाकले की प्रत्येक कणाभोवती बुडबुडे धरतात आणि अर्धा सोडा फेसाबरोबर टेबलावर जातो. आधी लिंबाचा रस आणि मीठ तळाशी पूर्ण विरघळवा, मग ग्लास तिरका धरून थंडगार सोडा कडेने सोडा. पाणी जितके गार तितका वायू त्यात जास्त मुरतो.

सरबताबद्दल थोडक्यात. मराठीत ‘स’, ‘शरबत’ नव्हे. मूळ अरबी धातू श-र-ब, पिणे. त्याच धातूचा शब्द शराब, आणि शराब लॅटिनमार्गे युरोपात गेला तो इंग्रजीत ‘सिरप’ होऊन आपल्याकडे परत आला. म्हणजे ‘कोकम सरबताचे सिरप’ म्हणताना आपण एकाच धातूची दोन नावे एका बाटलीवर लिहितो. गव्हाच्या ‘शरबती’त मात्र ‘श’ टिकला आहे.

पण ज्या शब्दासाठी एवढे लिहायला बसलो तो पन्हे. चैत्र लागला की पुण्यातल्या उपाहारगृहांच्या फलकांवर ‘आम पन्ना’ झळकू लागतो. पन्ना म्हणजे पाचू. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर घरोघर जे दिले जाते त्याचे नाव पन्हे, बोलताना पन्हं. स्वतःच्या अंगणातले पेय हिंदी नावाने विकत घ्यायची वेळ आपल्यावर का यावी?

पन्हे संस्कृत ‘पानक’पासून आले, इथवर वाद नाही. काव्यशास्त्रात ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाने रसाच्या आस्वादाला पानकरसाचाच न्याय लावला : गूळ, मिरी, आंबट फळ यांची चव वेगवेगळी न लागता सगळ्यांची मिळून एक निराळीच चव लागते. पण ‘पानक’चे मराठीत नियमाने व्हायला हवे होते ‘पाणे’, कारण एकेरी ‘न’चा ‘ण’ होतो, पानीयाचे पाणी झाले तसा. मग हा ‘न्ह’ कुठून आला? मराठीतला ‘न्ह’ बहुतेक ष्ण किंवा स्न यांच्यापासून येतो : कृष्णाचा कान्हा, स्नानाचे न्हाण, प्रस्नवाचा पान्हा. पानकात यातले काहीच नाही. ‘उच्चाराच्या ओघात आलेला ह’ असे उत्तर देणाऱ्यांनी सांगावे की हाच ओघ ‘पाणी’ला का लागला नाही. हिंदीतल्या ‘पना’तही ‘ह’ नाही, म्हणजे हा मराठीचा स्वतःचा उद्योग आहे.

माझे मत असे. ‘पाणी’चे सामान्यरूप पाण्या-, आणि ‘पाणे’चेही पाण्या-च झाले असते. ‘पाण्यात गूळ घाल’ म्हटल्यावर साध्या पाण्यात की कैरीच्या, हे स्वयंपाकघरात कळणार कसे? रोजच्या वापरातले दोन शब्द असे एकमेकांवर आदळले की भाषा एकाला बाजूला सारते. सारताना जवळचाच एक शब्द आधाराला होता, पान्हा. गाय पान्हवते, आईला पान्हा फुटतो. पिण्याचाच अर्थ, पोटभरीचाच भाव, आणि सामान्यरूप पान्ह्या-. त्याच्या ओढीने ‘पाणे’चे ‘पन्हे’ झाले, सामान्यरूप पन्ह्या-, आणि पाण्याशी होणारा गोंधळ मिटला. याहून पटणारा खुलासा माझ्या वाचनात नाही. तो फेटाळायचा असेल त्याने आधी ‘ह’चा हिशेब द्यावा.

फलक लिहिणाऱ्यांसाठी : ‘कैरीचे पन्हे’ लिहा. नुसते ‘पन्हे’ अपुरे, कारण चिंचेचेही पन्हे असते. करताना आंबट कैरी घ्या, उकडून एक वाटी गर काढा, गर गरम असतानाच दीड ते दोन वाट्या गूळ घाला म्हणजे खडे राहत नाहीत, वेलची आणि चिमूटभर मीठ. देताना एक भाग गराला तीन ते चार भाग गार पाणी. तोतापुरी घेतली तर आंबटपणा कमी पडतो, तेव्हा गूळ दीड वाटीच्या वर जाऊ देऊ नका. रूपे अशी : पन्ह्याचा, पन्ह्यात, पन्ह्याला, अनेकवचन पन्ही. ‘पन्ना’ची रूपे मराठीत चालवून पाहा, ‘पन्न्यात वेलची घाल’ हे कुणाच्या तोंडून सहज निघत नाही.