यादीत नाव आलं नाही, आता?

तेवीस वर्षांखालच्या क्रिकेट संघाची यादी लागली, तुझं नाव नाही आणि पुढच्या वर्षी वयात बसणार नाहीस. वाईट वाटणारच, वाटू दे. 'होतं ते चांगल्यासाठीच' म्हणणाऱ्या काकांपुढे मान डोलव आणि सोडून दे.

मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचं उदाहरण तुला शंभर जण देतील. प्रथमश्रेणीत ५८९ बळी, तरी कसोटी खेळायला मिळाली नाही. मला ते अर्धंच पटतं. ५८९ हाही आकडाच, तू पुन्हा मोजत बसशील. शिवलकर गायचेही, ते मला जास्त भावतं.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. लहानपणापासून किटबॅग घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात चढलास, बिल्डिंगमध्ये सगळे 'क्रिकेटर' म्हणूनच ओळखतात. ती बॅग खाली ठेवली की उरतं काय, ही धास्ती. तर मुद्दाम अशा जागी जा जिथे तुझा स्कोअर कुणी विचारत नाही. वाडीतल्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब अंगावर घे. पावतीपुस्तकं जुळवताना तुझ्या सरासरीशी कुणाला देणंघेणं नसतं.

खेळ मात्र तोडू नकोस. मुंबईतल्या क्लबांची कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर होते. खालच्या डिव्हिजनला नोकरी सांभाळून हौसेनं खेळणारी माणसं भेटतील, त्यांच्यात एक मोसम काढ. बाद झाल्यावर ती किती लवकर वडापावकडे वळतात, ते बघ.

झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर १४४१६ लाव. 'टेली मानस', मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आणि मोफत. मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा.