तिसऱ्या महिन्यात फ्लू झाला होता, म्हणून मुलाला ऑटिझम झाला असेल का?

ताई, तुम्ही तासगावच्या, मी सांगलीची. तुमचा हाच प्रश्न मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मलाही तिसराच महिना. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर. ओसरल्यावर घरातला गाळ उपसला आणि चार दिवस सणकून ताप. मुलाचं निदान झालं त्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तरी सांगत होते, चिखलात उतरू नको."

मग मी वाचत सुटले. सगळ्यात पक्कं नातं रुबेलाचं, म्हणजे जर्मन गोवराचं. अमेरिकेतल्या १९६४ च्या साथीनंतर न्यूयॉर्कच्या बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी पोटात असतानाच रुबेला लागलेली २४३ मुलं तपासली; १८ जणांत ऑटिझम किंवा त्याची काही लक्षणं निघाली. तो विषाणू वार (प्लॅसेंटा) ओलांडून थेट बाळापर्यंत जातो. फ्लू सहसा जात नाही. तिथे संशय आहे तो लांबलेल्या तापावर आणि आईच्या खवळलेल्या प्रतिकारशक्तीवर.

पण माझी सुटका केली ती स्वीडनच्या २०२२ च्या अभ्यासाने. साडेपाच लाख मुलं. वरवर पाहिलं तर संसर्ग आणि ऑटिझमचा थोडा संबंध दिसतो. सख्खी भावंडं ताडून पाहिली, एकाच्या वेळी आई आजारी, दुसऱ्याच्या वेळी ठणठणीत, तर फरक उरलाच नाही. शिवाय दिवस राहण्याच्या आधीच्या वर्षात आईला संसर्ग झाला असेल तरी प्रमाण जवळपास तेवढंच वाढलेलं! तेव्हा बाळ होतं कुठे पोटात? म्हणजे मूळ बहुधा घराण्याकडून येणाऱ्या गोष्टींत. (हे घरी सांगितलं तर "आमच्यात नाही कुणी असं." सासरे पन्नास वर्षं त्याच ताटात, त्याच कोपऱ्यात जेवतात, ते असो.)

दुसरा चान्स घेणार असाल तर आधी रुबेलाची तपासणी करा. लस लागली तर आधीच घ्यायची आणि महिनाभर थांबायचं, गरोदरपणी ती देत नाहीत. फ्लूची चालते.

आमच्याला पाणी हवं असलं की तो माझं मनगट धरून माठावर नेऊन ठेवतो. थेरपीच्या बाई म्हणाल्या, लगेच ओतू नका, त्याच्याकडे बघत थांबा. परवा "पा" म्हणाला. तुमचा केवढा आहे? थेरपी सुरू केली का?