दूध सोडलेली लेक, आणि शर्यतीचे बैल

प्रश्न : पुण्याला शिकणारी आमची मुलगी सुट्टीला आली ती दूध, दही, तूप सोडूनच. चहासुद्धा कोरा. दुधावर हक्क वासराचा, असं म्हणते. सासरे म्हणतात, गाय पिळली नाही तर तिचीच कास दुखते, मग पाप कसलं? खरं कोणाचं? आणि तिच्या तब्येतीचं काय?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, कास तटतटते हे सासऱ्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण गाय दूध देते ती व्याल्यावर. नऊ-सव्वानऊ महिने गाभण, मग वेत, मग दूध. धार चालू ठेवायची तर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा वासरू हवंच. त्या वासराचं पुढे काय होतं, हा लेकीचा खरा प्रश्न, आणि जन्मभर गोठे हिंडलेल्या माझ्यासारख्या पशुवैद्यालाही तो अडचणीत टाकतो.

कालवड झाली की घरात आनंद. गोऱ्हा झाला तर? संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम, जू नीट बसत नाही, आणि नांगरटीला आता ट्रॅक्टर आहेत. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. दुधाच्या दरात त्याला पोसणंही परवडत नाही. मग त्याला जेमतेम पाजतात, हगवण लागते, आणि मालक सांगतो, “जगलं नाही हो.” तुमच्या-माझ्या आवडीचा खरवस घ्या. वासराला प्रतिकारशक्ती आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते आणि तीही पहिल्या काही तासांत. तो चीक त्याला पोटभर मिळण्याआधीच कासंडीत जातो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. हल्ली दहात नऊ कालवडीच व्हाव्यात अशा रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठीचं वळूचं वीर्य) मिळतात, त्याने गोऱ्हे घटतात. भाकड गाय मात्र उरतेच.

तरी दोन गाईंवर घर चालवणाऱ्याला राक्षस ठरवू नकोस, असं लेकीला माझ्यातर्फे सांगा. दर तो ठरवत नाही.

सासऱ्यांना हे परदेशी खूळ वाटत असेल तर गांधीजींची आठवण द्या. कलकत्त्याचे गवळी गाई-म्हशींचे कसे हाल करतात ते वाचून त्यांचं मन दुधावरून उडालं, आणि 1912 मध्ये त्यांनी दूध सोडलं. पुढे आजारपणात कस्तुरबांनी गळ घातली तेव्हा शेळीचं घेतलं, पण ते त्यांना सलत राहिलं.

तब्येतीचं म्हणाल तर काळजी बी-12 ची. ते शेंगा-भाज्यांतून मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते. रक्त तपासून किती ते डॉक्टरांना विचारा. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त असतं. बाकी पिठलं-भाकरी, भरली वांगी, नारळाच्या दुधाची सोलकढी यांत गाईचा काय संबंध? वरणावरचं तूप तेवढं तिच्या ताटात वाढू नका.

प्रश्न : बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. म्हणजे प्राण्यांना हक्क नाहीतच का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : 2014 च्या निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्काचा अर्थ प्राण्यांपर्यंत नेला होता आणि शर्यती थांबल्या होत्या. मग राज्यांनी कायदे बदलले. मे 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदल वैध धरले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचं मानायला नकार दिला. माझ्या मते हे एक पाऊल मागे आहे, तुमच्या गावात पटणार नाही तरी. पण क्रूरतेला मोकळीक मिळालेली नाही. खिळा टोचणं, बॅटरीचा झटका देणं हा आजही गुन्हाच आहे. दिसलं तर प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली पोलिसांत तक्रार करा, आणि मोबाईलवर चित्रण केलं असेल तर तेही जोडा.