सुया नकोत, पण धागा बघून घ्या

मागच्या अंकात मी सुयांशिवाय, नुसत्या हाताने विणायच्या जाड ब्लँकेटबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळी क्रोशाचे आणि भरतकामाचे प्रश्न बाजूला ठेवलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं नाव दिसलं नाही तर रागावू नका.

ताई, इन्स्टावर ती मनगटाएवढ्या जाड लोकरीची ब्लँकेटं बघून वेडी झालेय. मेरिनो रोव्हिंग मागवायचं म्हणतेय पण किलोचा भाव बघून नवऱ्याने हात जोडले. शेनील (तो मखमली धागा) बरंच स्वस्त मिळतंय. काय करू? – प्राची, डोंबिवली

शेनील घे. नवऱ्याचं ऐक म्हणून नाही हं, धाग्याचं ऐक म्हणून. ते मेरिनो रोव्हिंग फोटोत मऊमऊ ढगासारखं दिसतं ना, तो खरं तर सूत झालेला धागाच नसतो, मेंढीची लोकर धुऊन विंचरून त्याचा नुसता जाड पेळू केलेला असतो आणि त्याला पीळ दिलेला नसतो. चरख्यावर कोणी सूत काढताना पाहिलं असशील तर माहीत असेल, पेळू नुसता ओढला तर हातात सुटून येतो, पीळ पडला की तोच ओढून तुटत नाही. तर बिनपिळाच्या लोकरीचं ब्लँकेट रोज अंगावर घेतलं, त्यावर बसलं, लोळलं की तंतू बाहेर येणारच, त्याच्या गोळ्या होणारच आणि काळ्या कुर्त्यावर पांढरे केस दिसणारच. विणणारीचा त्यात काही दोष नसतो.

वर ते धुता येत नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि सगळं आटून नमदा होतो. एकदा आटलं की परत सुटत नाही, कुठल्याही कंडिशनरने नाही. आणि आपल्याकडे मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर कपाटात काय काय होतं ते मी तुला सांगायला नको, लोकर असेल तर कसर लागते ती वेगळीच.

हे जाड शेनील बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, वेल्वेट यार्न म्हणूनही विकतात. ते थंड पाण्यात, जाळीच्या पिशवीत घालून, मशीनच्या हलक्या सायकलवर धुता येतं, कसर त्याला खात नाही. एसीत पाय झाकायला मस्त. फक्त घेताना लेबलवर लोकरीच्या गुंड्याच्या चित्रात आकडा असतो तो बघ. ७ म्हणजे जंबो, तो हवा. नुसतं 'चंकी' लिहिलेलं बऱ्याचदा ५ नंबरचं असतं, त्याला सुया लागतात आणि मग हाताने विणायला गेलीस की मासे पकडायची जाळी तयार होते. अजून एक, सगळा माल एकाच वेळी एकाच डाय लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेला घे, नंतर मागवलेली लडी अर्धी शेड तरी वेगळी निघतेच निघते.

किती धागा लागेल? मला डबलबेडचं करायचंय. – वैशाली, नाशिक

सोफ्यावर टाकायचं, साधारण ४० बाय ५० इंचाचं ब्लँकेट धरलं तर शेनील दीड ते दोन किलो लागतं, किती घट्ट विणता त्यावर. आता डबलबेडचं ९० बाय १०० धरा, म्हणजे क्षेत्रफळ साडेचार पट, म्हणजे सात ते नऊ किलो. आपल्या घरातलं मशीन सहा-सात किलोचं असतं, आणि तेही सुक्या कपड्यांचं वजन. ओलं झाल्यावर ते गॅलरीपर्यंत कोण नेणार? आणि वाळत टाकलं तर स्वतःच्या वजनाने लांबत जाणार. पायथ्याशी आडवी टाकायची पट्टी करा की, हॉटेलात असते तशी, दिसते पण छान आणि एक वीकेंडमध्ये होते.

सुरुवात कशी करायची? व्हिडिओत हात इतके भराभर चालतात की काही कळतच नाही. क्रोशा येतो, सुयांचं विणकाम शाळेनंतर केलं नाही. – मीनल, कोल्हापूर

क्रोशा येतो म्हणजे अर्धं काम झालं. सरकगाठ मारा आणि सुईऐवजी बोटांनी साधी साखळी घाला. प्रत्येक घर एवढं ठेवा की तीन बोटं सहज आत जातील, यापेक्षा मोठं नको. फोटोत मोठी मोठी घरं बघून सगळ्याजणी सैल घालतात आणि महिन्याभरात ब्लँकेट लोंबायला लागतं. सोफ्याच्या साईजला वीस-बावीस साखळ्या होतात. मोजून कागदावर लिहून ठेवा.

आता साखळी उलटी करा. पाठीला एकेक उंचवटा दिसेल, म्हणजे धाग्याची एकेक आडवी कडी. शेवटचं जे घर हातात आहे तो झाला तुमचा पहिला टाका. शेजारच्या उंचवट्यात बोटं घालून धागा वर ओढा, लूप झाला, तो तसाच टेबलावर उभा ठेवून द्या, पुढचा उंचवटा, पुढचा लूप. ओळ संपली की जितक्या साखळ्या तितके लूप उभे दिसले पाहिजेत. पुढची ओळ परत यायची, ब्लँकेट फिरवायचं नाही. पहिला लूप तसाच सोडायचा म्हणजे कड नीट येते, आणि मग दुसऱ्यापासून, धागा मागे ठेवून, लूपमधून पुढून बोटं घालून मागचा धागा पुढे ओढायचा. हा झाला सुलट टाका. सगळ्या ओळी अशाच.

नुसतं सुलट केलं की कडा आत वळतात, तो त्या विणीचा स्वभावच आहे. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ, आणि दोन्ही बाजूंचे कडेचा सोडून पुढचे दोन-दोन टाके उलट घाला, म्हणजे धागा पुढे घ्यायचा आणि लूप मागच्या बाजूला ओढायचा. संपवताना दोन टाके घेऊन पहिला दुसऱ्यावरून उतरवायचा, तेच पुढे. हे हलक्या हाताने करा, नाहीतर वरची कड आवळते आणि ब्लँकेट झबल्यासारखं दिसतं.

लडी जोडताना मात्र घाई नको. शेनीलमध्ये मधे बारीक दोरे असतात आणि त्यांच्या पिळात ते मऊ लव अडकवलेलं असतं, कापलं की टोकाचं लव गळणारच. दोन्ही टोकांचं अर्धा इंच लव नखाने काढून टाका, आतला दोरा उघडा पडेल, दोऱ्याला दोरा बांधून दोनदा घट्ट गाठ, आणि ती गाठ मागच्या बाजूला टाक्यात लपवा. दिसतसुद्धा नाही.

ब्लँकेट त्रिकोणी होत चाललंय! – स्नेहल, पुणे

ओळीचा शेवटचा टाका सुटतोय. तो कडेला वळून खाली दडतो, दर दुसरीचं हेच होतं. शेवटच्या टाक्याला रंगीत दोरा किंवा सेफ्टी पिन लावून ठेव नी दर ओळीला मोज. झालेलं मात्र उसवावंच लागेल, पण हाताचं विणकाम आहे, सर्रकन उसवतं. आणि मधेच एखादा टाका निसटून खाली शिडी दिसायला लागली तर उसवू नकोस, निसटलेल्या लूपमध्ये बोटं घालून शिडीची एकेक पायरी खालून वर ओढत आण, जागेवर येतो.

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचंय, बाळासाठी असं ब्लँकेट नेईन म्हणते. बॅगेत मावेल का? – एक होणारी आजी, नागपूर

मावेल. हवा काढायच्या पिशवीत घाला, शेनील दबतं आणि उघडून झटकलं की परत फुगतं. पण आजी, एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे तिथे जाऊन हिरमोड नको. बाळ वर्षाचं होईपर्यंत क्रिबमध्ये सुटं ब्लँकेट, उशी, मऊ खेळणी काहीच ठेवायचं नाही असं तिकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, झोपेत तोंडावर येऊन श्वास कोंडायची भीती असते. लेक नको म्हणाली तर ती आपली दुपट्यांची पद्धत मोडतेय असं मनावर घेऊ नका, आपल्याकडेही हे पाळायलाच हवं. त्यात या विणीची घरं मोठी, इवलाली बोटं अडकतात. तेव्हा ब्लँकेट करा ते लेकीसाठी करा. रात्री पाजायला उठल्यावर खांद्यावर घ्यायला थंडीच्या दिवसात तिला त्याचा फार उपयोग होईल, आणि बाळाचं मोठेपणी आहेच की.

आमच्याकडे धनगरांची लोकर सहज मिळते, घोंगड्या होतात तीच. तिचं होईल का हे? – संदीप, आटपाडी

पुरुष वाचकाचा प्रश्न, वा! दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड. तिचं सूत काढून, मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी होते तेव्हा ती वर्षानुवर्षं टिकते, कारण पीळ आहे आणि वीण घट्ट आहे. बिनपिळाची तशीच विणलीत तर सुटी होईल आणि टोचेल ते वेगळंच. मात्र तेच सूत सहा-आठ पदरी एकत्र पिळून दोरखंडासारखं जाड केलं तर बसायचं आसन किंवा पायपोस झकास होईल. करून बघा आणि फोटो पाठवा, मी छापते. अंगावर घ्यायला तुमच्याकडे घोंगडी असताना माझ्या शेनीलची काय गरज!

हातावर, म्हणजे कोपरापर्यंत टाके चढवून विणतात ते सोपं का? – अनघा, मडगाव

सोपं आहे पण मधे उठता येत नाही. दारावर कुरियर आला की संपलं. आणि टाके दंडाच्या मापाचे होतात, म्हणजे सैलच. स्कार्फला ठीक.

घरात दोन मांजरं आहेत. – ऋतुजा, ठाणे

मग लूप लहान ठेव. नखाने एखादा लूप ओढला गेला तर कात्री लावू नकोस, कापलं की तिथून लव गळत राहतं. ओढलेला धागा शेजारच्या चार-पाच टाक्यांत थोडा थोडा सरकवून वाटून टाक, दोन मिनिटांचं काम आहे.